डिझेल पिकअप विकून इलेक्ट्रिक घेऊ का? आधी तुझ्या मळ्यातल्या लाईटचं सांग

पत्र

काका नमस्कार. मी ओतूरजवळच्या एका वाडीतला, वय ३२, मला तू म्हटलं तरी चालेल. माझ्याकडे २०१८ ची डिझेल पिकअप आहे, हप्ते फिटलेत. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचा रूट, दोन्ही वेळचे मिळून ८२ किमी, पंधरा-सोळा कॅन. टोमॅटोच्या सीझनला नारायणगावला माल, आणि वर्षातनं दहा-बारा वेळा माळशेजमार्गे वाशी मार्केट. डिझेलच सगळं खातंय. इलेक्ट्रिकचे रील बघून डोकं फिरलंय, अमेरिकेतल्या एका पिकअपवर तर लाईट गेल्यावर अख्खं घर चालत होतं. शोरूमवाला म्हणतो जुनी एक्सचेंजला द्या, एका चार्जला दीडशेच्या वर जाते. वडील (त्यांनी टाटाची ४०७ ट्रक चालवलीय) म्हणतात हे खेळणं आहे. घर मळ्यात, गावापासून दीड किमी. थोरल्या भावाचं गावात मेडिकल आहे. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

आधी उत्तर देतो, मग बाकीचं बोलू. पिकअप विकू नको. इलेक्ट्रिक घ्यायची का नाही ते पुढं बघू, पण घेतलीस तरी दुधापुरती घे आणि ती जुनी दारात राहू दे. शोरूमवाल्याला एक्सचेंजचा विषय काढूच देऊ नको, त्यात त्याला दोन्हीकडनं सुटतं, तुझी मात्र हक्काची गाडी जाते.

तुझ्या पत्रात तीन धंदे आहेत, दूध, टोमॅटो आणि वाशी, आणि तू तिन्हीला मिळून एक गाडी शोधतोयस. डिझेल पिकअप तिन्ही करते म्हणून आपल्याला सवय लागलीय तशी. मी स्वतः अठरा वर्षं मंचर ते पुणे मार्केट यार्ड टेम्पो मारलाय, मला पण असंच वाटायचं की गाडी म्हणजे कुठंही कधीही कितीही. इलेक्ट्रिकचं तसं नाही, ती ठरलेल्या कामाची गाडी आहे, काम ठरलेलं असलं की डिझेलला मागं टाकते आणि नसलं की रस्त्यात रडवते.

आता दूध घे. रोज तोच रस्ता, तेच गोठे, तेच खड्डे, दिवाळी नाही की पाडवा नाही. उद्या किती किलोमीटर पडणार ते आजच माहीत असलं की बॅटरीची भीती निम्मी जाते. वजनाचं बघ, चाळीस लिटरचा कॅन काठोकाठ भरला की दूध आणि कॅन धरून पन्नास किलोच्या आतबाहेर होतो, सोळा कॅनचे आठशे किलो झाले आणि ते पण शेवटच्या गोठ्यानंतर, निघताना तर मागं नुसते रिकामे कॅन वाजत असतात. म्हणजे पूर्ण वजन गाडीवर असतं ते फक्त डेअरीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. आणि मुख्य म्हणजे सकाळी साडेआठला तू मोकळा होतोस ते संध्याकाळी साडेचारपर्यंत गाडी उभीच, आठ तास, आयते. चार्जिंगला यापेक्षा चांगला वेळ मागून मिळणार नाही.

डिझेलची खरी नासाडी कुठं होते तर या असल्या रूटवर. चारशे मीटर गेलं की थांबा, कॅन चढवा, आत्याबाईंशी दोन शब्द बोला, परत पहिला गिअर, परत थांबा, आणि गाडी बंद कोण करतंय, ती डुरडुर चालूच. इलेक्ट्रिक उभी असली की उभी, तेवढ्या वेळात काही जळत नाही. क्लचच नाही त्यामुळं क्लच प्लेट नाही, इंजिन ऑइल नाही, नोझल-पंपाची कटकट नाही. आणि भरल्या कॅननिशी चढावर गाडी उचलायची झाली तर मोटारीला पूर्ण ताकद पहिल्या क्षणापासनं मिळते, रेस देऊन हाफ क्लचवर खेळत बसावं लागत नाही. पहिल्यांदा चालवशील तेव्हा हे पायाला कळेल.

माझा भाचा फलटणकडं दुधालाच इलेक्ट्रिक टेम्पो चालवतो. पहिल्या आठवड्यात त्याची वेगळीच पंचाईत झाली, गाडीला आवाजच नाही. पूर्वी पिकअप वळणावर आली की बायका आवाज ऐकून कॅन घेऊन रस्त्याला यायच्या, आता गाडी गोठ्यासमोर येऊन उभी तरी घरात पत्ता नाही, पहाटे पाचला हॉर्न मारला तर शेजारचे शिव्या घालतात. शेवटी पठ्ठ्यानं बैलाची जुनी घुंगरमाळ मागच्या फाळक्याच्या हुकाला बांधली. आता रस्त्यानं खुळखुळ खुळखुळ जातो, अख्ख्या रूटवर गाडीला नाव पडलंय नंदीबैल.

पैशाचं बघू. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तू तुझे घाल. दुधाच्या रूटला तुझी पिकअप थांबत-चालत दहाचं ॲव्हरेज देत असेल असं धरतो, ८२ किमीला सव्वाआठ लिटर, डिझेल नव्वदीच्या घरात धरलं तर रोजचे सातशे चाळीस, महिन्याचे बावीस हजार झाले. इलेक्ट्रिक छोटी मालगाडी भरल्या-रिकाम्याची सरासरी काढली तर एका युनिटला साधारण पाच किलोमीटर जाते असं मी धरतो, म्हणजे सोळा-साडेसोळा युनिट, चार्जिंगमधे थोडी वाया जाते ती धरून साडेअठरा. युनिट दहा रुपयानं पडलं तर रोजचे एकशे पंच्याऐंशी, महिन्याचे साडेपाच हजार. फरक सोळा-साडेसोळा हजारांचा.

आता लगेच उड्या मारू नको. गाडी ऑन रोड दहा लाखाला पडली, दोन लाख भरले, आठ लाखाचं कर्ज पाच वर्षांसाठी अकरा टक्क्यानं, तर हप्ता सतरा हजार चारशेच्या आसपास बसतो. म्हणजे डिझेलचे वाचलेले पैसे फायनान्सवाल्याला जातात, वर दुसऱ्या गाडीचा इन्शुरन्स. पाच वर्षं हातात काही उरत नाही. मग फायदा काय, तर तुझी पिकअप रोजच्या ८२ किलोमीटरमधनं सुटते, वर्षाला तीस हजार किमी तिच्या अंगावरनं कमी होतात, आणि सहाव्या वर्षापासून दुधातले पैसे तुझे. हे पटत असेल तर घे. रीलमधे दाखवतात तसं पहिल्याच महिन्यापासून पैसे वाचणार असं डोक्यात असेल तर नको घेऊस.

आणि हे सगळं दुधाच्या रूटवर उभं आहे. तो रूट तुझ्याकडं कशाच्या जोरावर आहे? डेअरीच्या शब्दावर? संचालक बदलले, रूट दुसऱ्याच्या मेहुण्याला गेला, असं होतच नाही का आपल्याकडं? डिझेल पिकअपचा रूट गेला तर ती दुसऱ्या दिवशी कांदा भरेल. पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन तसली रिस्क घ्यायची नाही. आधी रूटचं निदान तीन वर्षांचं लेखी घे, देत नसतील तर तिथंच थांब आणि पुढचं वाचू पण नको.

वाचतोयस म्हणजे मिळेल असं वाटतंय. बरं, आता लाईट. सगळं पत्र वाचल्यावर मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य म्हणजे घर मळ्यात. गावठाणातल्या घराला आणि मळ्यातल्या घराला एकच महावितरण असली तरी लाईट एक नसते हे तुला मी काय सांगायचं. गावठाणच्या फिडरला (सबस्टेशनमधनं येणाऱ्या लाईनला) लाईट बऱ्यापैकी असते, मळ्यातली वस्ती बऱ्याच ठिकाणी शेतीच्या फिडरवर, थ्री फेज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, बाकी वेळ सिंगल फेज असली तर असली. तुझ्याकडं नेमकी कशी आहे ते वायरमनला विचारू नको, तो म्हणेल काय प्रॉब्लेम नाय. एक वही घे आणि महिनाभर लिही, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेचार, लाईट कधी आली कधी गेली, आणि भर दुपारी सगळ्यांच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज किती. दहा रुपयाची वही, पण गाडीच्या ब्रोशरपेक्षा कामाची. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर बदलून यायला मागच्या वेळी किती दिवस लागले ते पण त्यात पहिल्या पानावर लिहून ठेव.

हिशोब सोपा आहे. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरनं तासाभरात जेमतेम तीन युनिट गाडीत जातात, बॅटरी एकवीस युनिटची धरली आणि ती रिकामी झाली तर सात-आठ तास. तुला दर वेळी ४१ किमीचंच भरायचंय, म्हणजे तीन-साडेतीन तासात होतं. पण व्होल्टेज २३० चं १७० वर आलं की हे सगळं गणित लांबतं, नाहीतर चार्जर चालूच होत नाही.

अजून एक, अर्थिंग. आपल्याकडं घराला अर्थिंग असतं ते कागदावर. तिसऱ्या पिनेत वायरच नसते, किंवा असते आणि भिंतीत कुठंतरी संपते. फ्रिज-टीव्ही चालतात त्यामुळं कुणाला कळत नाही, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र बरोबर पकडतो, अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. भाच्यानं दोन दिवस चार्जर खराब म्हणून डोकं लावलं आणि निघालं काय तर अर्थिंग. मग खड्डा खणला, तांब्याची पट्टी, मीठ-कोळसा, उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी, तेव्हा कुठं गाडी चार्जिंग घ्यायला लागली. हे करायचंच, आणि वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावलेली मला कळली तर मी तुला फोन करून शिव्या देईन.

आता मोह होणार तो म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतनं वायर काढायचा, शेतीची लाईट फुकट आहे म्हणून. नको. शेतीपंपाचं कनेक्शन पंपासाठी मंजूर असतं, त्यावर धंद्याची गाडी चार्ज करणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, त्याची आकारणी दुप्पट दरानं होते आणि ती पण मागच्या तारखेपासून. हिरव्या नंबरप्लेटची गाडी मोटारीच्या पेटीला बांधलेली लांबनं दिसते रे, आणि गावात आपलं बरं बघणारे किती असतात.

घरच्या मीटरचं पण ऐकून ठेव कारण इथं भलेभले फसतात. रोज साडेअठरा युनिट म्हणजे महिन्याला साडेपाचशे, त्यात घरचं शंभर-सव्वाशे. आपले घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात, शंभरच्या आतल्या युनिटचा जो भाव असतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त भाव तीनशेच्या पुढच्या युनिटला लागतो. म्हणजे मी वर धरलेले दहा रुपये घरच्या मीटरवर धरता येत नाहीत, बिल बघून तुझी बायको तुला गाडीतच झोपायला लावेल. चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे, त्याचं वेगळं मीटर घे, आणि ते मळ्यात नाही तर गावात, भावाच्या मेडिकलच्या मागं. गावठाणची लाईट मिळते, दीड किलोमीटर तर अंतर, तुझी मोटारसायकल तिथं ठेवायची आणि गाडी लावून घरी जेवायला यायचं. भावाला दर महिन्याला बिलाचे पैसे वेळेवर द्यायचे, जागेचं भाडं काय ते सुरुवातीलाच बोलून घ्यायचं, भाऊ असला तरी, किंबहुना भाऊ आहे म्हणूनच.

सोलरचं विचारलं नाहीस पण विचारणार. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरावर तीन किलोवॉटला ७८,००० अनुदान आहे, तीन किलोवॉटमधनं चांगल्या उन्हात दिवसाला बारा एक युनिट निघतात, म्हणजे तुझ्या गाडीच्या रोजच्या खुराकाला पण पुरत नाहीत, पावसाळ्यात तर आपल्याकडं विचारूच नको. आणि लोकांना माहीत नसतं ते सांगतो, साधं ऑनग्रीड सोलर, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की स्वतः पण बंद पडतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. त्यामुळं लाईट नसताना सोलरवर गाडी चार्ज करीन हे बॅटरी-बिटरी लावल्याशिवाय डोक्यातनं काढून टाक.

टोमॅटोचं दोन वाक्यात संपवतो कारण ते तुला पण माहितीय. बावीस किलोचं कॅरेट धरलं तर टनाच्या इलेक्ट्रिक गाडीत पंचेचाळीस कॅरेट बसतात, तू पिकअपमधे शंभरच्या खाली भरत नसशील (आरटीओसमोर आपण दोघं ७० म्हणू). जे तू आज एका खेपेत नेतोस त्याला इलेक्ट्रिकच्या दोन-अडीच खेपा, ओतूर-नारायणगाव येऊन-जाऊन, मधे दुधाची वेळ, जमणार नाही. जास्तीचं भरून बघू म्हणशील तर डिझेल गाडी पाटे दाबून घेत गप चालते, ही लगेच रेंज कमी करून दाखवते आणि उद्या वॉरंटीत भांडण झालं तर कंपनीकडं सगळी नोंद असते. २०२३ च्या जुलैत नारायणगावला कॅरेट दोन हजाराच्या पुढं गेलं होतं ते आठव, असल्या दिवशी बांधावर अर्धा माल ठेवून यायचा का? शिवाय पावसाळ्यात पाणंदीनं वावरापर्यंत जायचं तर पिकअपची मोठी चाकं लागतात, या छोट्या गाड्या चिखलात पोटावर बसतात.

वाशी तर नाहीच. ओतूरवरनं माळशेज-कल्याण-वाशी जवळपास दीडशे किमी होतं. कंपनीचा दीडशे-एकशेसाठचा आकडा हा टेस्टचा, मी त्यातले दोन तृतीयांश धरतो, शंभर-एकशेपाच. घाटाची गंमत वेगळीच आहे. जाताना भरलेली गाडी घाट उतरते, तेव्हा ब्रेक लावशील तसतशी मोटारच जनरेटर होऊन बॅटरीत थोडं परत भरते, छान वाटतं, टक्के वाढताना दिसतात. पण येताना परतीचं भाडं म्हणून खत नाहीतर फर्निचर भरून दोन टनाची गाडी सहाशे मीटर वर चढवायची म्हटलं तर नुसत्या चढालाच चार युनिट लागतात, एकवीसमधले चार, दहा-बारा किलोमीटरच्या घाटात. धुक्यात, पावसात, रात्री, कल्याणला चार्जिंगला दोन तास थांबून. आणि यातल्या बऱ्याच गाड्या साठ-सत्तरच्या पुढं पळत नाहीत, भाजीच्या बाजाराची वेळ कुणासाठी थांबत नाही. त्या दहा-बारा वाऱ्या पिकअपनंच कर, आणि शांत झोप.

अमेरिकेच्या रीलचं सांगतो. ती बहुतेक फोर्डची लायटनिंग असणार, २०२२ मधे आली, तिच्यावर खरंच घर चालतं, पण तिची बॅटरी आपल्या छोट्या टेम्पोच्या साडेचार-सहापट मोठी आहे. आणि तिकडं सुद्धा शेतकऱ्यांनी मागं जड ट्रेलर लावून बघितला तर रेंज निम्म्यावर यायची. डिसेंबर २०२५ मधे फोर्डनंच ती नुसत्या बॅटरीवाली बंद करून पुढची जनरेटरला इंजिन असलेली काढणार म्हणून जाहीर केलं. म्हणजे वजन आणि अंतर दोन्ही एकदम मागितलं की तिकडचं गाडं पण तिथंच अडतंय, आपण काय फार मागं नाही. आपल्या छोट्या गाडीवरनं घरची मोटार चालवायचा प्रयोग मात्र करू नको, त्यासाठी ती बनवलेलीच नाही, मोठ्या बॅटरीच्या त्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

गाडी कुठली ते मी सांगणार नाही, पण टनाच्या खाली जाऊ नको. टाटाचा छोटा हत्ती, म्हणजे एस, २००५ चा, त्याची इलेक्ट्रिक एस २०२२ मधे आली ती सहाशे किलोची होती, २०२४ ला टनाची आली. २०२५ ला साडेसहा लाखात एस प्रो इलेक्ट्रिक आली ती साडेसातशे किलोची, किंमत बघून मन तिकडं जाईल, महिंद्राची झिओ पण त्याच वजनात, पण तुझे सोळा कॅन आणि वर दोन माणसं, रोज काठावर चालवायची गाडी नाही घ्यायची. युलर कंपनीची साडेबाराशे किलोची आहे. सगळ्या बघ. बॅटरीची वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर दोन्हीत असते, तुझं वर्षाला तीस हजार होणार त्यामुळं सात वर्षं लिहिलेलं असलं तरी दीड लाख किमीची अट असेल तर ती तुझ्यासाठी पाचच वर्षं. बॅटरी म्हातारी होऊन ऐंशी टक्क्यावर आली तरी तुला दुपारी चार्जिंग मिळत असल्यानं एका दमात ४१ किलोमीटरच जायचंय, ते ती करेल. दुधाला घे म्हणतो ते यासाठी पण.

गाडीपेक्षा सर्व्हिस सेंटर बघ. परत भाच्याचीच गोष्ट. एके दिवशी पहाटे गाडीत सत्तर टक्के चार्ज, पण गाडी चालूच होईना, स्क्रीन काळी. मोठी बॅटरी ठणठणीत, पण गाडीतली बारा व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज करणारा एक डबा असतो तो गेला होता. पिकअप असती तर फाट्यावरच्या मिस्त्रीनं तासाभरात काहीतरी जुगाड केलं असतं, हिला हात लावायला कुणी तयार होईना. डीलरनं गाडी उचलून नेली आणि पार्ट येतोय येतोय करत नऊ दिवस ठेवली. नऊ दिवस भाच्यानं पंधराशे रुपये रोजानं दुसऱ्याची पिकअप लावली कारण दूध थांबत नसतं, म्हैस सुट्टी घेत नाही. तुझ्या दारात तुझीच पिकअप असेल तर हे नऊ दिवस डिझेलवर निघतील. म्हणून तर पहिल्याच ओळीत म्हणलं विकू नको. डीलरकडं जाशील तेव्हा सेल्सवाल्याशी बोलू नको, मागं वर्कशॉपमधे जा आणि तिथं उभ्या असलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचार, किती दिवस झाले. चहा पाज, सगळं सांगतात.

कागदपत्रांचं सोपं आहे. बॅटरीवरच्या मालगाडीला २०१८ पासून परमिट लागत नाही, नंबरप्लेट हिरवी त्यावर पिवळी अक्षरं, राज्याच्या २०२५ ते २०३० च्या ईव्ही धोरणात गाडीच्या करात सूट आहे, किती आणि कशी ते बुकिंगच्या आधी आरटीओतनं लेखी काढून घे. टोलमाफी मालवाहू गाडीला धरून चालू नको. केंद्राच्या ई-ड्राइव्ह योजनेतलं ट्रकचं अनुदान साडेतीन टनाच्या वरच्या गाड्यांना आहे, ते तुला नाही, कुणी सबसिडीचं गाजर दाखवलं तर ओळख. पुलावरनं पाणी वाहतंय तर इलेक्ट्रिक असो का डिझेल, घालायची नाही, आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते असं लिहिलेलं असतं, त्यात वाहतं पाणी आणि सोळा कॅन धरलेले नसतात.

तर आता वही घे, लाईटचा महिना लिही. डेअरीकडनं रूटचं लेखी आण. दोन्ही जमलं तर डीलरला डेमो गाडी माग, शोरूमभोवती चक्कर नाही, तुझ्या रूटवर, सकाळचा पूर्ण रूट, खरे कॅन, खरं दूध. निघताना किती टक्के, शेवटच्या गोठ्यापाशी किती, डेअरीवर किती, तीनच आकडे लिही आणि मला पाठव. ४१ किलोमीटरला चाळीस टक्क्याच्या आत खाल्लं तर पुढचं बोलू, पन्नासच्या वर गेलं तर ती गाडी सोड आणि दुसऱ्या कंपनीचा डेमो माग. देत नसेल तर तिथनं घ्यायचीच नाही.

आणि त्या दिवशी वडलांना सोबत ने. शेजारी बसवू नको, चालवायला दे. ४०७ वर हात बसलेला माणूस आहे, भरली गाडी चढावर उचलताना पाय आपोआप क्लच शोधेल, सापडणार नाही, तेव्हा तोंडातनं काय निघतं ते पण मला लिहून पाठव.